पलंगाखाली वाळणारे पडदे

देविदासभाऊ, तुम्ही माझ्याशी दोन वर्षं खोटं बोललात. तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण आपल्यात गोड बोलायची रीत कधी नव्हतीच. मी लॅबमध्ये पाऊल ठेवलं की तुम्ही विचारायचं, "मॅडम, आज तोंड काहून उतरलं?" आणि मी म्हणायचं, "माझ्या तोंडाचं सोडा, तुमच्या तोंडातला खर्रा थुंकून या आधी." इथून आपला दिवस सुरू व्हायचा. मग आजही तो तसाच सुरू करते.

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, रसायनशास्त्र विभागाचे परिचर देविदासभाऊ अत्यंत आज्ञाधारक होते. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं रडते आहे. खरं सांगू, मला हसू येत होतं. सात वर्षांत तुम्ही माझी एक आज्ञा सरळ पाळली असेल तर शपथ. हातमोजे घाला म्हटलं की ते खिशात. वहीत पेनानं लिहा म्हटलं की पेन्सिल. व्हॅनेडियमचं निळं द्रावण मी पहिल्यांदा केलं तेव्हा तुम्ही त्याला मोरचूद ठरवलंत आणि सहा महिने मोरचूदच म्हणत राहिलात. शेवटी मी चिडले, तेव्हा बाटलीवर चिठ्ठी लावलीत, "मोरचूद नाही". ती चिठ्ठी बघून आपल्या कामाला पैसे देणाऱ्या मुंबईच्या संस्थेतून आलेले तपासणीवाले साहेब गोंधळात पडले होते.

आपण काय करत होतो, हे त्या साहेबांना मी अर्धा तास सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सहज तुम्हाला विचारलं, तर तुमचं उत्तर दोन मिनिटांत संपलं. "दोन टाक्या हाय साहेब. एकीत एक पानी, दुसरीत दुसरं. पंपानं फिरवाचं. मंधात झिल्ली. वीज पान्यात साठून राह्यते. टाकी मोठी केली का वीज जास्त साठते." साहेबांनी विचारलं, "आणि झिल्ली चांगली नसली तर?" तुम्ही म्हणालात, "तं दोन्ही टाक्याइचं सरबत."

यापेक्षा नेमकं मी आजवर कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही. अशा बॅटरीचा सगळा जीव त्या मधल्या पडद्यात असतो. त्यानं वीज वाहून नेणाऱ्या बारक्या कणांना जाऊ द्यायचं आणि व्हॅनेडियमला मात्र अडवायचं. व्हॅनेडियम पलीकडे गेलं की साठवलेली वीज वाया. बाहेरून येणारे पडदे आपल्याला परवडत नव्हते, म्हणून आपण झिंग्यांच्या टरफलांपासून काढलेली भुकटी व्हिनेगरच्या पातळ आम्लात विरघळवायचो, काचेवर ओतायचो, वाळवायचो आणि सोलून काढायचो. मग दोन काचेच्या कुप्या, मध्ये तो पडदा, एका बाजूला निळं द्रावण आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ. निळं पलीकडे किती उशिरा पोचतं, ते बघत बसायचं.

पहिल्याच दिवशी तुम्ही कुप्यांसमोर स्टूल ओढून बसलात आणि गंभीरपणे म्हणालात, "मॅडम, तुमी निळ्याले अडवून राहिल्या. हे काही बरं नाही." मला ते कळायला जरा वेळ लागला. तुमच्या स्कूटरवरचा निळा झेंडा आठवला आणि मग मी हसले. तुम्ही मात्र माझ्याकडे बघत होतात, ही हसते की नाही ते. बरं झालं हसले.

मग तुमचा प्रश्न आला. तो मला फार आवडला होता आणि तसं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. "या झिल्लीले कसं समजते, कोनाले जाऊ द्याचं न कोनाले नाही?" मी सांगितलं, आम्लात या भुकटीवर धन भार येतो, व्हॅनेडियमवरही धन भार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात. "म्हंजे धुऱ्यावरचे दोन भाऊ," तुम्ही म्हणालात. तुमच्या गावी कोंढ्याला, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तुमचं आणि तुमच्या भावाचं तेव्हा जोरात वाजलं होतं. त्यानंतर मी वर्गात भारांचं प्रतिकर्षण शिकवताना हेच उदाहरण देते आणि कोणाचं आहे ते सांगत नाही. आता सांगत जाईन.

आपलं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं. एकाच बाटलीतलं द्रावण, एकाच मापाच्या काचा. माझ्या पडद्यातून निळं दुसऱ्या दिवशी सकाळी डोकावायचं. तुमच्या पडद्यातून आठवडा गेला तरी पलीकडचं पाणी स्वच्छच. मी भुकटी तपासली, आम्ल तपासलं, जाडी मोजली. तुम्ही दाराला टेकून उभे राहायचात. "हात हाय मॅडम हात. तुमी कितीही मोजा."

"हात नावाची गोष्ट विज्ञानात नसते, भाऊ."

"तं मंग तुमच्या विज्ञानात भाजी कोन शिजवते?"

मी चिडायचे. चिडायचं कारण असं होतं, की हात आहे असं एकदा मानलं तर सगळंच संपलं. तुमचा हात मी कागदावर कसा लिहिणार? दुसऱ्या गावातला माणूस तो वाचून पडदा कसा करणार? तुम्हाला वाटायचं, मी तुमचं कौतुक करायला कचरते. तसं नव्हतं. म्हणजे थोडं तसंही असेल. सहा विद्यार्थ्यांना डॉक्टरेट मिळवून देणाऱ्या बाईचा पडदा गळतो आणि परिचराचा गळत नाही, हे पचायला जडच गेलं.

एकदा तुम्ही मला सगळं सांगितलंही होतं. हे आता आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं. तुम्ही ओव्हनमधून माझी काच काढत होतात आणि म्हणालात, "मॅडम, एवढ्या घाईनं नाही वाळवाचं. धान कडक उन्हात वाळवला का गिरणीत नुसती कणी निघते. आतून तडकून राह्यते तो." मी मान वर न करता म्हणाले, "भाऊ, हे धान नाही. वहीत जे ठरलंय तेच करा आणि तेच लिहा."

माझे बाबा सिहोऱ्याचे धानाचे व्यापारी. मूठभर धान हातात घेऊन, दाताखाली एक दाणा फोडून, तो उन्हात वाळवला की सावलीत, हे ते सांगायचे. कडक उन्हातल्या धानाला ते भाव पाडून मागायचे. तुमचं ते वाक्य मी पाळण्यात होते तेव्हापासून ऐकत आले होते. जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला ते कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं. पण पांढरा कोट अंगावर चढला की आपण सिहोऱ्याच्या नाही, असं मला वाटत असावं.

माझ्या दोन आज्ञांपैकी दुसरी तुम्ही तंतोतंत पाळलीत. वहीत प्रत्येक पडद्यापुढे तुमच्या गोल अक्षरात एकच ओळ आहे. ओव्हन, साठ अंश, सहा तास. गेल्या वर्षीच्या वादळात खांब पडले आणि तीन दिवस लाखनीत वीज नव्हती, त्या तीन दिवसांतल्या पडद्यापुढेही तेच, ओव्हन, साठ अंश, सहा तास. खाली माझी सही. विजेशिवाय ओव्हन कसा चालला, हे विचारायचं मला सुचलं नाही. पडदा उत्तम निघाला होता ना, मग झालं.

तुम्ही गेलात आणि पडदे थांबले. मी त्याच बाटलीतून, वहीत लिहिल्याप्रमाणे, चार काचा केल्या. चारही गळल्या.

त्यानंतर तुमच्या पुण्यानुमोदनाला मी तुमच्या घरी आले. पहिल्यांदा. माझ्या घरापासून तुमचं घर स्कूटीनं आठ मिनिटं. गेल्या दोन वर्षांत तुम्ही मला कितीदा म्हणालात, "एकदा घरी या ना मॅडम, दाखवाचं हाय." मला वाटायचं, चहाला बोलावताहेत, दाखवायचं म्हणजे नवीन फ्रीज वगैरे. मी म्हणायचे, येईन कधीतरी. वेळ नव्हता असं लिहायचं मनात आलं होतं, पण ते खरं नाही. तुम्ही दोनदा लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आलात आणि दोन्ही वेळा दारात उभे राहिलात. मी आत या म्हटलं. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मला घरात कोणी अडवणारं नव्हतं. मीच म्हटलं नाही आणि का, ते मी स्वतःलाही कधी विचारलं नाही. आज विचारते आहे, आणि उत्तर बरं नाही.

वंदना झाली, जेवणं झाली. तुमच्या पत्नी कुसुमताई मला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "मॅडम, हे तुमचं सामान घेऊन जा आता," त्या म्हणाल्या. पलंगाची चादर वर केली. पलंगाखाली मच्छरदाणी लावलेली होती! आत पाण्यानं भरलेली परात, परातीभोवती विटा, विटांवर काच आणि काचेवर तुमचा शेवटचा पडदा, कडा सुटलेला.

मी खाली फरशीवर बसले. त्यांना वाटलं मी रागावले.

"मी कितीदा म्हनलं त्याइले, घरात नका आनू," त्या सांगायला लागल्या. "साऱ्या खोलीत चायनीजच्या गाडीवानी वास. न मले तीन-तीन दिवस झाडू मारू देत नव्हते इथं. धूळ उडते म्हने. माही परात गेली ते गेलीच."

"पण घरी का आणायचे?"

"तिकडं लॅबापासून हायवे जवळ न. ट्रक गेला का टेबल थरथरते म्हनत. पानी कसं बांधीत सारखं बसलं पाह्यजे, तसं बसत नाही म्हनत. न वाळवाले तिथं आग लावतेत, इथं सावलीत ओल्यावर हळूहळू वाळते." मग त्या म्हणाल्या, "तुमाले दाखवाचं व्हतं त्याइले. आज येतीन, उद्या येतीन म्हनत."

म्हणजे तुम्ही माझा ओव्हन वापरतच नव्हतात. बाटलीतलं द्रावण डब्यात घरी न्यायचात, इथे ओतायचात, तीन दिवस थांबायचात आणि चौथ्या दिवशी दोन ताटांमध्ये काच ठेवून स्कूटरवरून आणायचात. मी दहा वाजता येऊन विचारायचे, झाला का? तुम्ही म्हणायचात, आताच काढला. खोटारडे कुठले. माझा राग वर आला आणि राग ओसरायच्या आत मी तो पडदा उजेडात धरला. इतका सारखा, इतका निर्मळ पडदा माझ्या हातून कधीच निघालेला नाही. रागावावं की बघत बसावं, ते कळेना. बघत बसले.

मग भीती वाटली, भाऊ. आपल्या कामाचा अहवाल मुंबईला पाठवायचा दिवस जवळ आला होता. ओव्हन असं लिहिलं, तर ते वाचून जगात कोणाचाही पडदा जमणार नाही आणि लोक म्हणतील, लाखनीवाल्यांनी आकडे बनवले. खरं लिहिलं, तर दोन वर्षांची वही खोटी ठरते आणि त्या वहीत प्रत्येक ओळ तुमच्या अक्षरात. मी प्राचार्यांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, माझ्याच भल्यासाठी बोलले. "मॅडम, परिचरानं चुकीच्या नोंदी केल्या, एवढंच लिहा. देविदास तर आता गेला. त्याला काय फरक पडतो?"

सोपं होतं. एक वाक्य लिहिलं असतं की मी सुटले असते. दोन दिवस ते वाक्य माझ्या संगणकावर होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्या घरी गेले. तुमच्याविषयी काही लिहायचं तर कुसुमताईंच्या कानावर घालायला हवं, असं वाटलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"म्हंजे ह्याइचं नाव खराब होईन का?"

मी म्हणाले, वहीत त्यांनी जे केलं नाही ते लिहिलंय.

"हो, लिहिलं. पन लिहाले कोनं लावलं व्हतं?"

त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं. त्यांना वाटत होतं, असा काही सरकारी नियम असेल. मी सांगितलं, मीच लावलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मी तो प्याले आणि तिथंच बसून मोबाइलवर लिहिलं. पडदे प्रयोगशाळेत नव्हे, देविदासभाऊंच्या राहत्या घरी, त्यांनी शोधलेल्या पद्धतीनं, सावलीत, ओलाव्यावर, तीन दिवसांत वाळवले आहेत. वहीतल्या ओव्हनच्या नोंदी माझ्या आदेशावरून केलेल्या आहेत आणि त्यांची जबाबदारी माझी आहे. कुसुमताईंना वाचून दाखवलं. "आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

मुंबईहून उत्तर लवकर आलं. दोन वर्षांचे निष्कर्ष धरता येणार नाहीत, दुसऱ्या व्यक्तीनं त्याच पद्धतीनं पुन्हा करून दाखवावं. प्राचार्य माझ्याशी सध्या कामापुरतंच बोलतात. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होईल. तुमच्या नावापुढे मात्र आता खोटं काही नाही आणि मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटतं आहे. त्याहून जास्त उत्सुकता वाटते आहे. तुमचा पडदा कशामुळे धरतो, देविदासभाऊ? सावलीमुळे? परातीतल्या पाण्यामुळे? ट्रक नाहीत म्हणून? की तुम्ही म्हणता ते? इतक्या वर्षांत मला असा प्रश्न पडला नव्हता. तो विचारायला तुम्ही नाही, याचा मला भयंकर राग येतो.

दुसरी व्यक्ती कोण, तर मीच. परवा शनिवारी बाटली घेऊन तुमच्या घरी गेले. कुसुमताईंनी खोली झाडून, दार लावून ठेवली होती. मी पलंगाखालच्या विटा सारख्या करायला लागले, तर त्या म्हणाल्या, "थांबा." कपाटामागून त्यांनी पेपरात गुंडाळलेली एक काच काढली. आपल्या बाकीच्या काचांच्याच मापाची, पण कोरी, एकही ओरखडा नसलेली.

"हे तुमची," त्या म्हणाल्या. "कवाची आनून ठेवली व्हती त्याइनं. म्हनत, मॅडम आल्या का त्याइच्याच हातानं ओताले लावीन. बाटली तेच, खोली तेच, मच्छरदानी तेच. फक्त हात तेवढा मॅडमचा. मंग पाहू म्हनत, कोन खरं."

मी वीस वर्षं मुलांना हेच शिकवते. सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला, मग बघा. माझ्या लॅबमध्ये बसून मला ते सुचलं नाही. तुम्ही हाताचा एवढा अभिमान बाळगायचात आणि त्या हाताला खोटं पाडू शकेल असा एकमेव प्रयोग स्वतःच मांडून ठेवलात. मी यायची तेवढी वाट बघत राहिलात.

मी खूप रडले. कुसुमताईंनी रडू दिलं. मग हात धुऊन, पुसून, मी ओतलं.

आज तिसरा दिवस. उद्या माझा पडदा सोलीन आणि तुमच्या शेवटच्या पडद्याशेजारी लावीन, दोन्हीकडे निळं, दोन्हीकडे स्वच्छ. माझ्यातूनही ते तुमच्याइतकंच उशिरा आलं, तर सगळी करामत खोलीची होती, हाताचं काही नव्हतं, आणि दोन वर्षांचं भांडण मी जिंकले. देविदासभाऊ, मी जिंकले तर मला फार वाईट वाटेल.